डुमसचं धुकं, बऱ्हाणपूरची झळ

मार्च महिन्यात डुमसच्या किनाऱ्यावर पहाटे गेलं की समुद्र आधी कानांना कळतो. पावलाखाली काळसर ओली वाळू लागते, लाटांचा आवाज येतो, पण वीस-पंचवीस पावलांपलीकडे काहीच दिसत नाही. तापी इथून थोडी उत्तरेला खाडी होऊन अरबी समुद्रात शिरते. पलीकडच्या काठावर हजिऱ्याची बंदरं आणि कारखाने आहेत, पण मी गेले त्या पहाटे त्यांचे दिवेसुद्धा दिसत नव्हते. भज्यांच्या गाड्या अजून झाकलेल्या होत्या. मासळीची टोपली घेऊन रिक्षाची वाट पाहणारी एक मावशी गुजरातीत म्हणाली, नऊपर्यंत ऊन चढेल आणि हे सगळं निघून जाईल. दुपारी कसं असतं, असं विचारलं तर तिने पदराने गळा पुसून दाखवला.

मला त्या दिवशी तापीच्या काठाने उलटं, उगमाच्या दिशेने जायचं होतं. मुलताईपर्यंत नाही, बऱ्हाणपूरपर्यंत. माझं आजोळ रावेर तालुक्यातलं. मामांच्या घरच्या सोयरिकी बऱ्हाणपूरच्या गावांत झालेल्या आहेत आणि माझा एक मामेभाऊ तिकडेच केळी लावतो. लहानपणापासून सुट्टी म्हणजे खानदेशचा उन्हाळा हेच ठाऊक. पुढे सुरतेत राहायला आल्यावर किनाऱ्याचं हे धुकं पाहिलं आणि मनात एक गोष्ट घट्ट रुतून बसली: ज्या नदीच्या मुखाशी सकाळी समोरचा माणूस दिसत नाही, त्याच नदीच्या काठावर वर दुपारी घराबाहेर पडवत नाही. हे दोन्ही एकाच दिवशी, एकाच प्रवासात अंगावर घ्यावं म्हणून मी मार्चचा तिसरा आठवडा निवडला. आदल्या संध्याकाळी हवामान खात्याची पत्रकं वाचली होती. किनाऱ्यावर सकाळी धुकं, आत पारा दोन-तीन अंशांनी चढणार, असा त्यांचा एकूण रोख होता.

नकाशावर पाहिलं तर सुरत आणि बऱ्हाणपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. सुरत २१.१७ अंश उत्तरेला, बऱ्हाणपूर २१.३१ अंशांवर. सरळ रेषेत अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. सूर्य दोन्ही गावांवरून सारख्याच वाटेने जातो, बऱ्हाणपुरात फक्त तेरा-चौदा मिनिटं आधी उगवतो. तरीही मे महिन्यात सुरतेचं दुपारचं तापमान साधारण पस्तीस-छत्तीसच्या आसपास राहतं आणि जळगाव-बऱ्हाणपूरकडे बेचाळीस ही रोजची गोष्ट होते. ऊन तेच आहे. फरक आहे तो समुद्र किती लांब आहे याचा.

किनाऱ्यावरचं धुकं कसं जमतं ते समजून घेतलं की पुढची झळही समजते. मार्चमध्ये जमीन दुपारी भराभर तापते, समुद्र मात्र सावकाश तापतो. तापलेल्या जमिनीवरची हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून दमट वारा आत येतो. रात्री आकाश निरभ्र असलं की जमिनीतली उष्णता निघून जाते, जमिनीलगतची दमट हवा गार पडते आणि तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब होतात. दृष्टीचा पल्ला एक हजार मीटरांच्या खाली आला की हवामान खातं त्याला धुकं म्हणतं. पण एवढ्याने ते सकाळी आठपर्यंत टिकलं नसतं. रात्री वारा फिरतो आणि जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. खानदेशच्या बाजूला दिवसभर तापलेली कोरडी हवा या गार, दमट थराच्या वरून सरकते. पातेल्यावर झाकण बसावं तशी ती खालची वाफ वर जाऊ देत नाही. डुमसला माझ्या चेहऱ्याला लागणाऱ्या ओलाव्यात बऱ्हाणपूरकडच्या कोरडेपणाचाही वाटा होता. हे लक्षात आल्यापासून मला किनाऱ्याचं हवामान आणि आतलं हवामान अशा दोन वेगळ्या गोष्टी मानता येत नाहीत.

या जमिनीकडच्या वाऱ्याने दिवसाही माघार घेतली नाही तर किनाराही भाजून निघतो. मुंबईत सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली ती अशाच उशिरा आलेल्या समुद्री वाऱ्यामुळे. मार्चमधली मुंबईची उष्णतेची लाट आणि कोकणातलं आंब्याचा मोहोर काळवंडवणारं सकाळचं धुकं यांच्यामागे जमीन आणि समुद्र यांच्यातली ही एकच ओढाताण आहे. कोणत्या दिवशी कोण जिंकेल एवढाच प्रश्न असतो.

गाडी सुरतेहून निघाली तेव्हा रुळांच्या दोन्ही बाजूंना अजून पांढरं होतं. उधन्याला डबा भरला. हा मार्ग खानदेशच्या माणसांचा आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत नंदुरबार, धुळे, जळगाव जिल्ह्यांतून आलेली हजारो कुटुंबं यंत्रमागांवर आणि कापडाच्या गिरण्यांत काम करतात. सणवार, लग्नं आणि शेतीची कामं आली की ती याच गाड्यांनी गावाकडे जातात. माझ्यासमोर अमळनेरला निघालेलं एक जोडपं होतं. त्यातले काका मागावर रात्रपाळी करून थेट स्टेशनवर आले होते. पत्र्याच्या शेडखाली मार्चपासूनच रात्र काढणं जड जातं, हे त्यांनी सांगितलं. सुरतेचा आकडा कागदावर कमी दिसतो, पण घाम अंगावर वाळत नाही, म्हणून पंख्याखालीही जीव घाबरतो असं ते म्हणाले. मग काकू म्हणाल्या, "गावाकडे ऊन जास्त लागतं, पण सावलीत गेलं की बरं वाटतं. इथे सावलीतही सुटका नाही." या एका वाक्यात दमट आणि कोरड्या उष्णतेतला फरक पुरा आला. शरीर घामाच्या वाफेवर थंड होतं. हवेत आधीच वाफ भरलेली असली की तो मार्ग बंद होतो. कोरड्या प्रदेशात उलट होतं: घाम इतक्या लवकर उडतो की अंगातलं पाणी संपत आलेलं माणसाला कळतच नाही. खानदेशात उन्हात काम करताना माणूस उभ्या उभ्या कोसळतो तो यामुळे.

बारडोलीपर्यंत उसाच्या शेतांवर धुकं रेंगाळत होतं. गाडी व्याऱ्याला आली तेव्हा ते विरलं होतं आणि सोनगडच्या किल्ल्याची टेकडी कोरड्या उन्हात स्पष्ट उभी होती. डावीकडे, दिसत नसला तरी, उकाईचा जलाशय पसरलेला. नवापूरला गाडी थांबली. या स्टेशनातूनच गुजरात आणि महाराष्ट्राची हद्द जाते. एकाच फलाटाचा काही भाग तापी जिल्ह्यात आणि काही नंदुरबार जिल्ह्यात आहे. लोक तिथल्या बाकावर बसून फोटो काढतात. मला तिथे वेगळीच गोष्ट दिसत होती. या फलाटाच्या मध्यावर अहमदाबादच्या हवामान केंद्राचा अंदाज संपतो आणि मुंबईच्या प्रादेशिक केंद्राचा सुरू होतो. पुढे रावेरच्या अलीकडे-पलीकडे मुंबईचा संपेल आणि भोपाळचा सुरू होईल. हवामान खात्याने देशाचे ३६ उपविभाग केले आहेत. त्यांतले तीन मी एका दिवसात ओलांडणार होते: गुजरात विभाग, मध्य महाराष्ट्र आणि पश्चिम मध्य प्रदेश. तापीला येऊन मिळणाऱ्या पूर्णेचं खोरं धरलं, म्हणजे अकोला-अमरावतीकडचं, तर विदर्भ हा चौथा उपविभाग आणि नागपूरचं केंद्रही त्यात येतं.

खांडबाऱ्यापासून डब्यातल्या हवेचा पोत बदलला. खिडकीतून येणारा वारा आतापर्यंत हवाहवासा होता. नंदुरबारच्या अलीकडे लोकांनी एकेक खिडकी लावून घेतली. नंदुरबार म्हणजे मिरचीचं गाव. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली होती आणि गाडी थांबताच तिचा खाट डब्यात शिरला. या उन्हावर किती संसार उभे आहेत, याचं भान अशा वेळी येतं. मिरची वाळते ती याच कोरड्या वाऱ्यावर. पापड, कुरडया आणि डाळींची वर्षाची बेगमी घरोघर गच्चीवर होते ती याच उन्हात. खानदेशच्या बायका मार्चच्या उन्हाला नावं ठेवत नाहीत. त्या त्याची वाट पाहतात.

याच वाटेने नोव्हेंबर १६३० मध्ये पीटर मंडी नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस सुरतेहून आग्र्याकडे निघाला होता. व्यारा, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, बऱ्हाणपूर असा त्याचा मार्ग होता. त्या वर्षी पाऊस झालेला नव्हता. गुजरात आणि दख्खन दोन्हीकडे दुष्काळ पडला होता. मंडीच्या वर्णनात या रस्त्याच्या कडेला प्रेतं पडलेली आहेत आणि नंदुरबारला लहानसा तंबू ठोकायलाही मोकळी जागा मिळत नाही. ते वर्णन वाचल्यापासून ही स्टेशनं माझ्यासाठी नुसती नावं राहिलेली नाहीत. समुद्राकडून येणारी वाफ एका वर्षी आली नाही आणि किनाऱ्यापासून बऱ्हाणपूरपर्यंतचं सगळं खोरं एकदम उजाड झालं. सुरतेला एक नशीब आणि बऱ्हाणपूरला दुसरं, असं झालं नाही. शाहजहान तेव्हा दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरातच मुक्कामाला होता. बादशहानाम्यात नोंद आहे की बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत इथे लंगर उघडले गेले आणि बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले गेले. मेलेल्यांच्या संख्येपुढे ते फार थोडं होतं. पण जिथे लंगर उघडले त्या गावांची यादी मला विचार करायला लावते. तिच्यातली दोन गावं तापीकाठच्या या वाटेच्या दोन टोकांना आहेत.

दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर हा टप्पा भर दुपारचा. काका-काकू अमळनेरला उतरले. उतरताना काकूंनी पिशवीतून कांदा काढून माझ्या हातात दिला, "जवळ असू द्या" म्हणाल्या. कांद्याने ऊन लागत नाही असं वैद्यकशास्त्र म्हणत नाही, पण तो मी जळगावपर्यंत हातात धरून ठेवला. बाहेर काळी जमीन उघडी पडलेली होती. गहू, हरभरा निघून गेला होता आणि शेतांत नांगरटीची ढेकळं होती. ही काळी माती ऊन पिऊन घेते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मध्ये समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे-अडीचशे मीटर उंचीचा हा पट्टा. पश्चिमेकडून येणारी हवा इथवर पोहोचेपर्यंत तिच्यातला ओलावा विरळ झालेला असतो आणि वायव्येकडून, राजस्थानच्या बाजूने, कोरडा वारा उतरत असतो. डोंगरांच्या दोन भिंतींमधली ही लांबट जागा दिवसभर तापत राहते. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळ राज्यातल्या सर्वांत तापलेल्या गावांत येतं त्याला ही रचना कारण आहे. मैदानी प्रदेशात तापमान चाळिसावर जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंश चढलं, किंवा सरळ पंचेचाळिशी गाठली, की खातं उष्णतेची लाट जाहीर करतं. किनाऱ्यासाठी हीच मर्यादा सदतीस अंशांपासून सुरू होते. दमट हवेतले सदतीस किती जड असतात हे काकांनी सकाळीच सांगितलं होतं.

भुसावळला गाडी बदलली. सावदा, निंभोरा, रावेर... इथून दोन्ही बाजूंना केळी सुरू होते. इतक्या तापलेल्या प्रदेशात इतकं पाणी मागणारं पीक कसं उभं राहिलं, हा प्रश्न नव्या माणसाला पडतोच. उत्तर जमिनीच्या पोटात आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी गाळाचे जाड थर आहेत. डोंगरावर पडलेलं पाणी त्यांत मुरतं आणि तापीकडे सरकतं. त्या पाण्यावर विहिरी, कूपनलिका आणि आता ठिबक अशी ही केळी उभी आहे. रावेरची केळी आणि बऱ्हाणपूरची केळी यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे. बाग पाहून ती कुठे येते हे कुणीही सांगू शकणार नाही.

बऱ्हाणपूरला उतरले तेव्हा दिवस मावळत होता. फलाटाचा दगड अजून गरम होता. मराठी वाचकाला हे गाव आठवतं ते बहुधा १६८१ मधल्या संभाजीमहाराजांच्या स्वारीमुळे, नाहीतर मुमताजमहलमुळे. पण गावात शिरल्यावर आधी ऐकू येतो तो यंत्रमागांचा खडखडाट. सुरतेत जे काम, तेच इथे, आणि पत्र्यांची शेडंही तशीच. चौकात मावा जिलेबीच्या कढया चढलेल्या होत्या. लोक हिंदीत सुरुवात करून मराठीत येत होते, मराठीतून उर्दूत जात होते. मामेभावाच्या घरी वरण-बट्टी आणि कैरीचं पन्हं झालं आणि झोपायला सगळे गच्चीवर. गच्चीवर आदल्या दुपारचं वाळवण एका कोपऱ्यात बांधून ठेवलेलं होतं. मध्यरात्रीनंतर वारा थोडा गार झाला. हे मार्चमधलं सुख आहे, मेमध्ये तेही मिळत नाही.

सकाळी आम्ही कुंडी भंडारा पाहायला गेलो. बऱ्हाणपुरात पाहण्यासारखं पुष्कळ आहे: शाही किल्ल्यातला हमाम, फारुकी काळातली जामा मशीद आणि तिच्यातला संस्कृत शिलालेख, दर्गाह-ए-हकीमी. पण वेळ एकाच जागेला द्यायचा असेल तर तो इथे द्यावा. १६१५ मध्ये, अब्दुर्रहीम खानखानान इथे सुभेदार असताना, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्यातून तापीकडे जमिनीखालून वाहणारं पाणी हेरलं आणि त्या पाण्याच्या वाटेवर आडवे बोगदे खणून ते अडवलं. त्या बोगद्यांवर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या उभ्या कुंड्या आहेत, शंभराहून जास्त. पंप नाही, मोट नाही. नुसत्या उताराने पाणी शहरापर्यंत आणि लालबागेपर्यंत येत असे.

लिफ्टने सुमारे ऐंशी फूट खाली उतरलो. वर सकाळी दहालाच ऊन टोचत होतं. खाली गार. घोट्यापेक्षा थोडं वर स्वच्छ पाणी, भिंतींवर चुन्याचे पांढरट थर साचून त्या संगमरवरी वाटाव्यात इतक्या गुळगुळीत झालेल्या. कुंडीच्या तोंडातून वरून उजेडाचा गोल पाण्यावर पडतो आणि पुढे पुन्हा अंधार. इराणच्या वाळवंटी मुलखात पाणी असं जमिनीखालून नेतात, कारण उघड्या कालव्यातलं पाणी ऊन पिऊन टाकतं. इथल्या उन्हाचा अभ्यास करूनच कुणीतरी ते तंत्र इथे आणलं. त्या माणसाने बऱ्हाणपूरच्या हवेला शत्रू मानलं नाही. ती अशीच राहणार हे धरून त्याने गाव वसतं ठेवलं. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत या जागेचा समावेश झाला. त्या यादीचा मान मोठाच आहे, पण मला जास्त काळजी वाटते ती कुंड्यांभोवती वाढत गेलेल्या वस्तीची आणि वर खणल्या जाणाऱ्या कूपनलिकांची. डोंगरातून येणारं पाणी वाटेतच उपसलं गेलं तर खालचा बोगदा कितीही सुंदर असला तरी तो कोरडा पडेल.

ज्या वर्षी हा कुंडी भंडारा बांधला गेला त्याच वर्षी, नोव्हेंबर १६१५ मध्ये, इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून याच खोऱ्याने इथे आला होता. शहजादा परवेझला भेटला आणि तापाने अंथरुणाला खिळला. वर्षातला त्यातल्या त्यात सुखाचा महिना होता, तरीही. पुढे सोळा वर्षांनी, १७ जून १६३१ रोजी, मुमताजमहल इथेच बाळंतपणात गेली. तापीपलीकडे झैनाबादच्या आहुखान्याच्या बागेत तिला पुरलं आणि डिसेंबरमध्ये तिथून आग्र्याला नेलं. आहुखान्याच्या पडक्या भिंतींशी आम्ही दुपारी थोडा वेळ थांबलो. मार्गदर्शक मंडळी प्रेमाची गोष्ट सांगतात. मला मात्र तो जून महिना आठवत राहिला: आदल्या वर्षी पाऊस गेलेला, गावात लंगर चालू, आणि इकडचा, निमाडचा उन्हाळा संपता संपत नाही. नर्मदेकाठी रावेरखेडीला थोरले बाजीराव गेले तेही २८ एप्रिल १७४० रोजी, तापाने. या मुलखाच्या इतिहासातल्या तारखा पाहताना मी आता महिन्याकडेही पाहते.

भावाची बाग तापीपासून थोडी वर आहे. मृगबागाची, म्हणजे मृगात लावलेली केळी निसवायला लागली होती. घड बाहेर पडण्याच्या या दिवसांतच झळा आल्या की पानं करपतात, फाटतात, घडाला सावली राहत नाही आणि उन्हाकडच्या फण्या भाजतात. पश्चिमेच्या बांधावर त्याने शेवरी आणि गजराज गवताची दाट रांग लावली आहे, तीच वाऱ्याची आडभिंत. काही घड वाळल्या पानांनी झाकले होते. ठिबक आता तो पहाटे आणि रात्री चालवणार होता, दुपारी नाही.

मी त्याला विचारलं, अंदाज कुठला पाहतोस? त्याच्या मोबाइलवर दोन्ही होते. जिल्हा बऱ्हाणपूर म्हणून भोपाळहून येणारा आणि रावेरच्या नातेवाइकांनी पाठवलेला जळगाव जिल्ह्याचा. भोपाळच्या पत्रकात उष्ण गावांत खंडवा, खरगोन ही नावं वर असतात. मुंबईच्या पत्रकात जळगाव. बऱ्हाणपूर दोघांच्या मध्ये. "भोपाळचं पाहतो, जळगावचं पाहतो," तो म्हणाला, "पन ताई, पयले नंदुरबारले फोन लावतो." त्याच्या बहिणीचं सासर तिकडचं. दुपारी पश्चिमेचा वारा तिथे सुटला की संध्याकाळपर्यंत इकडची हवा थोडी हलते. तिथे वायव्येची झळ सुरू झाली असेल तर पुढचे दोन-तीन दिवस इकडे कठीण. त्याच्या आजोबांकडे फोन नव्हता, तेव्हा ते रेल्वेच्या माणसांना विचारायचे.

पत्रकं तयार करणाऱ्यांना मी दोष देत नाही. संगणकावरची प्रारूपं अख्ख्या देशाची हवा एकत्रच मोजतात आणि केंद्रांचं आपसात बोलणं होत असतंच. कागद मात्र राज्यांप्रमाणे कापला जातो, कारण त्यावर कारवाई करणारे जिल्हाधिकारी, आरोग्य खातं, शाळा हे सगळं राज्याचं असतं. पिवळा, नारिंगी, लाल हे इशारे जिल्ह्याच्या हद्दीशी बदलतात. रावेरच्या आणि बऱ्हाणपूरच्या बागेवर मात्र एकच वारा असतो.

संध्याकाळी आम्ही राजघाटावर गेलो. पात्रात पाणी कमी होतं, दगडी पायऱ्यांवर पोरं उड्या मारत होती. इथे तापीची पातळी मोजली जाते. केंद्रीय जल आयोग पावसाळ्यात बऱ्हाणपूरची ही पातळी पाहून, हतनूर, भुसावळ, गिधाडे असं खाली मोजत जाऊन, उकाई धरणात किती पाणी येणार याचा अंदाज बांधतो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला. त्यानंतर बऱ्हाणपूरच्या पुलाखालचं पाणी म्हणजे सुरतेच्या लोकांच्या घरातलं पाणी, हे कुणालाही पटवून द्यावं लागत नाही. तापीची लांबी ७२४ किलोमीटर आणि खोरं ६५,१४५ चौरस किलोमीटर. त्यातलं जवळजवळ ऐंशी टक्के महाराष्ट्रात, बाकीचं मध्य प्रदेश आणि गुजरातमध्ये. पुरासाठी हे सगळं आपण एक धरतो. मग उन्हासाठी का धरू नये? अहमदाबादने २०१० च्या मे महिन्यातल्या मृत्यूंनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि देशभरच्या शहरांनी त्याचा कित्ता गिरवला. शहरासाठी होतो तसा एका खोऱ्यासाठीही आराखडा होऊ शकतो, विशेषतः जिथे एकाच घरातला एक भाऊ सुरतेच्या पत्र्याखाली आणि दुसरा रावेरच्या बागेत उभा असतो.

घाटावर बसून मी वहीत असं एक पत्रक लिहून पाहिलं. डुमसला पहाटे धुकं किती, समुद्री वारा सुरतेत किती वाजता पोहोचला, नंदुरबारला दुपारी दोनला वाऱ्याची दिशा कोणती, जळगाव, खंडवा आणि बऱ्हाणपूरचं कमाल तापमान, उद्या झळ कुठपर्यंत येईल. मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तीन भाषांत एकच मजकूर. सूर्य बऱ्हाणपूरच्या माथ्यावर बरोबर मे महिन्याच्या २६-२७ तारखेला येतो, म्हणजे नवतपा, कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाल्यावर लगेच. निदान त्या नऊ दिवसांत तरी असं पत्रक सुरतेपासून मुलताईपर्यंत प्रत्येक गावात लागावं, असं मला मनापासून वाटतं.

भावाने वही हातात घेऊन सगळं वाचलं. मग पेन मागितलं आणि दुपारच्या आकड्यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखला. "रातचं किती राह्यलं तेबी टाक," तो म्हणाला. "दिवसा मानूस झाडाखाली बसतो. रात तीसच्या खाली उतरली नाही, तर दुसऱ्या दिशी तोडणीले मजूर उभा राहत नाही. अन् मागावाल्यांचं तर इचारूच नको." दुसऱ्या दिवशी त्याच्या बागेतून दिल्लीचा ट्रक भरायचा होता. नंदुरबारला फोन झाला, वारा वायव्येचाच होता, तेव्हा त्याने मजुरांना पहाटे तीनला यायला सांगितलं.